कुत्र्याचं इंजेक्शन घेतलं, तरी ताप का आला?

कुत्रा चावलेला माणूस दवाखान्यात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, इंजेक्शन किती घ्यायची?" हा प्रश्न लोक विचारतात याचा मला आनंदच आहे. माझ्या विद्यार्थिदशेत पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात या धास्तीनं लोक दवाखान्याचं तोंड बघत नसत. आता बिलोली तालुक्यातल्या लहानशा वाडीवरचा माणूसही लस घ्यायला येतो. रेबीज एकदा झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे ही भीती योग्यच आहे.

म्हणून आधी रेबीजबद्दल चार वाक्यं. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायची. तिखट, चुना, तंबाखू, हळद, तेल यातलं काहीही भरायचं नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. सरकारी दवाखान्यात ती बहुतेक ठिकाणी कातडीत देतात, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात घ्यायची असेल तर चौदाव्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. रक्त आलेली जखम असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सिरमही भरावं लागतं. ते मागून घ्या.

आता आजच्या मुद्द्यावर येतो. रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्यामुळे "रक्त तपासून सांगा, रेबीज झाला का" असं कुणी म्हटलं तर चावल्यानंतर लगेच तसं सांगणारी रक्ताची तपासणी नाही. पण कुत्र्याच्या, मांजराच्या, उंदराच्या तोंडात रेबीजखेरीज दुसरेही रहिवासी असतात, ते म्हणजे जिवाणू. ते जखमेतून आत जातात, बहुतेक वेळा तिथेच थोडा पू करून थांबतात. क्वचित ते रक्तात उतरतात आणि तिथं वाढू लागतात. लशीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. लशीचे सगळे डोस वेळेवर घेतलेला माणूस या दुसऱ्या कारणानं गंभीर आजारी पडू शकतो, आणि आपल्या भागात नेमकं तेच कुणाच्या ध्यानात येत नाही. माणूस ताप घेऊन येतो, चावल्याचं सांगतच नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ते प्रकरण इंजेक्शनं घेऊन मिटलेलं असतं. डॉक्टर विचारत नाहीत. विडाल होते, टायफॉइड ठरतो, सलाईन लागतं. माझी तक्रार या साखळीबद्दल आहे.

हे आजार दुर्मिळ आहेत हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या सकाळी ओरखडा उठलेला प्रत्येक जण रक्त तपासायला रांग लावेल.

त्यातला सगळ्यात सामान्य जंतू म्हणजे पाश्चुरेला. नाव अनोळखी वाटेल, पण हा जंतू आपल्या शेतकऱ्यांच्या जुन्या ओळखीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर म्हशींना, बैलांना घटसर्पाची लस टोचतात ना, तो घटसर्प याच जंतूच्या एका प्रकारामुळे होतो. (माणसाच्या घशाच्या घटसर्पाशी याची गल्लत करू नका. नाव एकच असलं तरी तो जंतू वेगळा.) कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतूही हाच. लुई पाश्चरनं १८८० च्या सुमारास कोंबड्यांवर याचाच अभ्यास करून जंतू कमकुवत करून लस बनवायची युक्ती शोधली, आणि त्याच वाटेनं पुढे १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला पहिली रेबीजची लस दिली. म्हणजे चाव्याच्या या दोन्ही गोष्टींत तोच माणूस आहे.

बहुतेक मांजरांच्या आणि बऱ्याच कुत्र्यांच्या तोंडात पाश्चुरेलाचे काही प्रकार कायम वस्तीला असतात, प्राणी त्यामुळे आजारी नसतो. मांजराचा चावा दिसायला किरकोळ, सुई टोचल्यासारखा. पण दात बारीक आणि लांब असल्यानं जंतू थेट सांध्यापर्यंत किंवा हाडापर्यंत पोचतो आणि वरचं भोक तासाभरात बुजून जातं. याची खूण म्हणजे वेग. सकाळी चावलं की रात्रीपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत हात लाल होऊन टरटरून सुजतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जखमेसाठी मेडिकलवरून सहज मिळणाऱ्या सेफॅलेक्सिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन या औषधांना हा जंतू बऱ्याचदा दाद देत नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना मात्र तो सहसा लगेच शरण येतो. म्हणून मांजराच्या चाव्यावर, हाताच्या किंवा सांध्याजवळच्या खोल चाव्यावर सूज यायची वाट न बघता डॉक्टर तीन ते पाच दिवसांच्या गोळ्या देतात. त्या पूर्ण घ्या.

दुसरा जंतू जास्त दुर्मिळ आणि जास्त क्रूर आहे, कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस. लॅटिनमध्ये कॅनिमॉर्सस म्हणजे कुत्र्याचा चावा. कुत्रा चावल्यानंतर या जंतूचा रक्तसंसर्ग झालेला रुग्ण पहिल्यांदा १९७६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला, आणि जंतूला हे नाव मिळायला १९८९ उजाडलं. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथं प्रत्येक नोंद नीट ठेवतात, तिथंही वर्षाला दर दहा लाख लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण सापडतो. पण रक्तात उतरला तर चारांतला सुमारे एक रुग्ण दगावतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका धडधाकट माणसाला कुत्र्यानं नुसतं चाटल्यावर हा संसर्ग झाला आणि दोन्ही हात, दोन्ही पाय कापावे लागले. ती बातमी आपल्याकडेही फिरली होती आणि अनेकांनी तेव्हा घरचं कुत्रं हाकलायची भाषा केली होती.

ती घटना अपवादातला अपवाद होती. हा जंतू प्रामुख्यानं ज्यांची प्लीहा, म्हणजे पानथरी, काढलेली आहे किंवा निकामी झाली आहे त्यांना गाठतो. प्लीहा हे रक्ताचं गाळणं आहे, जंतू पकडण्याचं काम ती करते. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलच्या अपघातात पोटाला मार लागून ती फुटते आणि जीव वाचवण्यासाठी काढावी लागते. अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात एखाददुसरी सापडतील, आणि त्यांतल्या कित्येकांना "पोटाचं ऑपरेशन झालं" एवढंच माहीत असतं. डिस्चार्ज कार्ड बाहेर काढून बघा. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा लहानपणापासून हळूहळू सुकत जाते. आपल्याच जिल्ह्यात किनवट-माहूरकडे असे रुग्ण आहेत. तिसरा गट रोज दारू किंवा शिंदी पिऊन लिव्हर खराब करून घेतलेल्यांचा. या तिन्ही गटांतल्या माणसाला कुत्र्यानं चावलं, अगदी जखमेवर चाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि आपण कोणत्या गटात आहोत ते स्वतःहून सांगायचं.

आता उंदीर. आमच्याकडच्या घरांत सोयाबीन, हरभरा, ज्वारीची पोती आणि माणसं एकाच खोलीत झोपतात, त्यामुळे यावर जरा जास्त लिहितो. उंदीर फुंकर मारून चावतो, म्हणून कळत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. फुंकर कुणी पाहिलेली नाही. कळत नाही याचं कारण बहुतेक वेळा मधुमेह असतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. असा माणूस सकाळी उठतो तेव्हा अंगठ्याचा शेंडा कुरतडलेला असतो आणि चादरीवर रक्त असतं, पण त्याला वेदना नसते. तुम्हाला उंदीर चावलेलं रात्री कळलं नसेल तर उंदरासोबत साखरही तपासून घ्या.

घरातल्या उंदराच्या चाव्यानंतर रेबीजची लस सहसा लागत नाही. यावरून लोक असा अर्थ काढतात की उंदराच्या चाव्याला काहीच लागत नाही. हे चूक आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन बघावं लागतं, जखम धुवावी लागते, आणि पुढचे तीन आठवडे तापावर लक्ष ठेवावं लागतं, कारण उंदीरचाव्याचा ताप म्हणून एक आजार आहे.

या तापाच्या शोधात मुंबईचा वाटा आहे आणि तो फार कुणाला ठाऊक नाही. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. वैद्यकीय विद्यार्थी ज्या ग्रेज् अ‍ॅनाटॉमीवर पोसले गेले, तिच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं यांनी काढली. त्याच वर्षी ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन राहिले. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईत उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासत त्यांनी त्या तापाच्या नागमोडी जंतूवर काम केलं. पुढे १८८७ मध्ये त्यांनी एका उंदराच्या रक्तात आणखी एक बारीक, पिळाचा जंतू दिसल्याची टिपणी छापली. तो माणसाला काय करतो हे तेव्हा कळलेलं नव्हतं. जपानमध्ये उंदीर चावून येणारा ताप लोकांना पूर्वीपासून ठाऊक होता, त्याला ते सोडोकू म्हणत. सो म्हणजे उंदीर, डोकू म्हणजे विष. १९१६ च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी सिद्ध केलं की सोडोकूचं कारण असाच पिळाचा जंतू आहे. त्याला स्पिरिलम म्हणतात. आशियात उंदीरचाव्याचा ताप मुख्यतः याच्यामुळे येतो.

त्याची चाल फसवी आहे. चावा पाच-सहा दिवसांत भरून येतो आणि आपण विसरतो. एक ते तीन आठवड्यांनी ती भरलेली जागा पुन्हा लाल होते, सुजते, दुखते, कधी काळी पडते, जवळची गाठ येते आणि थंडी वाजून ताप चढतो. अंगावर तांबूस-जांभळे चट्टे उठतात. काही दिवसांनी ताप आपोआप उतरतो, माणूस बरा झाला म्हणून शेतात जातो, आणि पुन्हा ताप येतो. उंदीरचाव्याचा आणखी एक प्रकार आहे, स्ट्रेप्टोबॅसिलसचा. त्यात ताप लवकर येतो, बहुधा आठवड्याच्या आत, जखम पुन्हा फुटत नाही, पण सांधे धरतात आणि तळहात-तळपायांवर पुरळ येतं. आपल्याकडे सांधे धरणारा ताप म्हटला की चिकनगुनिया. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. उपचार न केल्यास यात दहांतला सुमारे एक रुग्ण दगावू शकतो, आणि तरीही दोन्ही प्रकारांवर साधं, जुनं, स्वस्त पेनिसिलिन चालतं. औषध आहे, पण ते द्यायचं कुणाला हेच कळत नाही, आणि मला सलतं ते हेच.

कळणार कसं? इथं तपासणीचा मुद्दा येतो.

विडाल ही तपासणी १८९६ सालची आहे. ती रक्तातले जंतू बघत नाही. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं बघते. आपल्यासारख्या भागात, जिथं पूर्वी कधीतरी टायफॉइड होऊन गेलेली माणसं घरोघरी आहेत, तिथं एकदाच केलेली विडाल पॉझिटिव्ह येण्याला फारसा अर्थ नसतो. तरी तालुक्याच्या गावात तापाच्या प्रत्येक रुग्णाची विडाल होते, कारण ती स्वस्त आहे, तासाभरात येते आणि कागदावर काहीतरी नाव देते. रुग्णालाही नाव हवं असतं. माझ्या मते या कागदानं मराठवाड्यात जितके आजार झाकले तितके दुसऱ्या कशानं झाकले नसतील. (सोडोकूत आणखी एक गंमत होते. गुप्तरोगासाठी करतात ती व्हीडीआरएल तपासणी काही रुग्णांत खोटी पॉझिटिव्ह येते. उंदीर चावतो पायाला आणि भांडण लागतं नवरा-बायकोत.)

रक्तात जंतू आहे का हे बघायचं तर ब्लड कल्चर करावं लागतं. कल्पना साधी आहे. रक्त घ्यायचं, जंतूंना आवडेल असं खाद्य असलेल्या बाटलीत टाकायचं, ती अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानाला ठेवायची आणि काही वाढतंय का ते बघायचं. यंत्रात बाटली ठेवली की जंतू वाढताना सोडत असलेला कार्बन डायऑक्साइड यंत्र ओळखतं आणि इशारा देतं. मग तो थेंब काचपट्टीवर रंगवून, वेगवेगळ्या थाळ्यांवर वाढवून जंतूचं नाव आणि त्यावर चालणारं औषध ठरवतात.

यात चार ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे औषध आधी, रक्त नंतर. मेडिकलवरून दोन दिवस अँटिबायोटिक खाऊन आलेल्याचं कल्चर बऱ्याचदा कोरं येतं. दुसरा, रक्त कमी घेणं. मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ-दहा मिली रक्त लागतं आणि दोन वेगळ्या जागांहून घ्यावं लागतं. "इतकं रक्त कशाला" म्हणून नातेवाईक वाद घालतात. रक्ताच्या एका मिलीत कधीकधी एकच जंतू असतो, तो दोन मिलीत सापडेलच असं नाही. तिसरा घोटाळा, बाटली फ्रीजमध्ये ठेवणं. बाकीचे नमुने थंड ठेवतात म्हणून ही पण ठेवतात. ही बाटली साध्या तापमानालाच ठेवून लवकरात लवकर पोचवायची असते.

चौथा घोटाळा सगळ्यात मोठा, आणि तो तुम्ही टाळू शकता. नमुन्यासोबत जाणाऱ्या कागदावर "कुत्रा चावला" किंवा "उंदीर चावला" असं लिहिलेलंच नसतं. ही एक ओळ प्रयोगशाळेत सगळं बदलते. नेहमीच्या यंत्रात बाटली पाच दिवस ठेवून "वाढ नाही" म्हणून काढून टाकतात. कॅप्नोसायटोफागा इतका मंद आहे की कधी पाच-सहा दिवसांनंतरच दिसू लागतो, त्याला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड लागतो आणि मॅक्काँकी नावाच्या ज्या थाळीवर नेहमीचे बरेच जंतू वाढतात तिच्यावर तो येत नाही. पाश्चुरेलाही त्या थाळीवर सहसा येत नाही. स्ट्रेप्टोबॅसिलसची तऱ्हा तर याहून वेगळी. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत जे रसायन घातलेलं असतं, तेच त्याची वाढ रोखतं. आणि कार्टरना दिसला तसला पिळाचा जंतू, स्पिरिलम, अजूनही कुठल्याच कृत्रिम खाद्यावर वाढवता आलेला नाही. तिथं कल्चर कोरंच येणार. सूक्ष्मजीवतज्ज्ञाला चाव्याची माहिती असेल तर तो बाटली जास्त दिवस ठेवतो, वेगळी थाळी वापरतो, वेगळ्या नळीत रक्त मागवतो, किंवा जंतूची जनुकं वाचणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवतो. माहिती नसेल तर तो ज्योतिषी नाही.

"पण हे सगळं नांदेडला, हैदराबादला. बिलोलीत काय?" असं तुम्ही विचाराल. इथं दोन गोष्टी आजही होऊ शकतात. एक, बाटली इथंच ठेवायची आणि रक्त घेऊन रोज जाणाऱ्या गाडीनं पाठवायची. यंत्र तालुक्याला नको, बाटली हवी. सरकारी असो की खाजगी, तालुक्यातल्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात ब्लड कल्चरच्या चार बाटल्या मुदतीत असल्याच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुम्ही मागितल्याशिवाय त्या येणार नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त आहे, ती म्हणजे काचपट्टी. हिवतापासाठी बोटातून थेंब घेऊन पट्टी बनवतात तीच. प्लीहा नसलेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू इतके माजतात की कधीकधी साध्या रंगवलेल्या पट्टीवर पांढऱ्या पेशींच्या पोटात ते टोकदार काडीसारखे दिसतात. स्पिरिलमही रक्ताच्या किंवा जखमेतल्या द्रवाच्या पट्टीवर सापडू शकतो. "हिवतापाचे जंतू नाहीत" एवढं लिहून पट्टी बाजूला ठेवणाऱ्याला "चावा आहे, जरा पेशींच्या आत बघ" असं सांगणारं कुणीतरी हवं. दीडशे वर्षांपूर्वी दुष्काळातल्या मुंबईत हे सूक्ष्मदर्शकावर होत होतं, आज आपल्याकडे त्याहून चांगला सूक्ष्मदर्शक आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे लक्षात ठेवा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. चाव्यानंतर थंडी वाजून ताप, जखमेपासून वर सरकणारी लालसर रेघ, बोटं किंवा नाक-कान निळे-काळे पडणं, अंगावर जांभळे डाग, धाप, बरळणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर दोन मिनिटांत रक्त घ्यायचं, अँटिबायोटिक शिरेतून सुरू करायचं आणि मोठ्या रुग्णालयात हलवायचं. रक्त लगेच मिळत नसेल तर औषधाला उशीर करायचा नाही.

तुमच्या हातात असलेलं काम छोटं आहे. चाव्याची तारीख, प्राणी आणि जखमेची जागा लशीच्या कार्डामागे लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप आला तर ते कार्ड घेऊन या आणि विचारलं नाही तरी सांगा. तपासणीच्या कागदावर ती ओळ लिहिली का ते बघा. नसेल तर लिहायला सांगा, कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर रागावू द्या.

"आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात, मग काय भीती?" हा प्रश्नही नेहमी येतो. कुत्र्याची रेबीजची लस रेबीज रोखते. वर सांगितलेले जंतू त्याच्या तोंडातले कायमचे भाडेकरू आहेत, त्यांच्यावर लस नाही. म्हणून कुत्रा सोडून द्यायची गरज नाही. फक्त तुमच्या टाचेच्या भेगा, मधुमेहाची जखम, नुकतंच कापलेलं बोट त्याला चाटू देऊ नका. आणि घरात कुणाची प्लीहा काढलेली असेल तर मांजराशी खेळताना साधा दात लागला, तरी त्याला संध्याकाळपर्यंत थांबवू नका.